तीन टक्के घावणे

सावर्डे,
रविवार, दुपारी जेवण आटोपल्यावर

तीर्थरूप दादांच्या चरणी,

धाकट्या आत्मारामचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे परंपरेने लिहिलं. गुडघे बिघडल्यापासून आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, आणि ती पाच पुन्हा उचलायला मथुरेला हाक मारावी लागते.) इकडे सारं क्षेम आहे. मथुरा बरी आहे. माझ्यावर रागावलेली आहे, पण बरी आहे; रागाचं कारण पुढे ओघात येईलच. सावित्रीवहिनींना नमस्कार, चि. शमिकाला आशीर्वाद. तुमची प्रकृती कशी आहे हे मात्र या खेपेस मी विचारत नाही. विचारलं की तुम्ही ‘ठणठणीत’ म्हणता. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे या शब्दाच्या व्याकरणावर माझा काही आक्षेप नाही, पण अर्थावरचा विश्वास अलीकडे उडाला आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोन केला की दोन मिनिटांत तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं. (मागच्या सोमवारी दुकान बंद होतं, तरीही आलं.) पत्राचं तसं नाही. पत्र वहिनी मोठ्याने वाचतात आणि मधे कुणी उठलं तर पहिल्यापासून सुरू करतात, हा माझा अनुभव आहे. तेव्हा बसा निवांत.

विषय आपल्या अक्षयाचा. गणपतीत खेडला आलो होतो तेव्हा तुमच्या ओटीवर चारचौघांनी तिची चौकशी केली, आणि तुम्ही मोठ्या कौतुकाने सांगितलंत, “आमची पुतणी गॅसमध्ये आहे.” मी आरतीच्या गडबडीत होतो म्हणून बोललो नाही. पण दादा, या एका वाक्याने केवढा अनर्थ केला ते तुम्हांला ठाऊक नाही. ते वाक्य खेडहून निघालं आणि माझ्याआधी सावर्ड्यात पोचलं. आमच्या नाक्यावरचा केरू हॉटेलवाला, ज्याने आजवर मला कधी चहात दूध जास्त घातलं नाही, त्याने मला बाकावर बसवून वर भजी दिली आणि म्हणाला, “मास्तर, ताईंना सांगून जादाचा एक सिलिंडर नाय का व्हायचा?” मी म्हटलं, अरे, ती सिलिंडरवाली नव्हे, ती इस्पितळात आहे. तर म्हणतो, “म्हणजे ऑक्सिजनचा. तो नको.” आणि भजीची बशी त्याने हळूच स्वतःकडे ओढली. त्यानंतर मी गावात ठिकठिकाणी खुलासे करत हिंडलो. पण खुलासा करायचा तर आधी आपल्याला समजलेलं असावं लागतं, ही अडचण मला तिसऱ्या खुलाशात लक्षात आली. मग मी तिच्याकडेच जायचं ठरवलं. मुलगी नेमकं करते तरी काय, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं.

जाऊन आलो. पाहिलं. आणि काय सांगू दादा, छातीचं माप बदललं. शिंप्याकडे जावं लागेल.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. तशी तिची सक्त ताकीद आहे, आणि पुढचा प्रकार वाचलात की ताकीद योग्यच होती असं तुम्हीही म्हणाल. मुंबईच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला आहे एवढं पुरे. तिथे कर्करोगाच्या गाठींवर प्रोटॉनचे किरण सोडतात. प्रोटॉन म्हणजे अणूच्या पोटातला कण. साधे क्ष-किरण शरीरात शिरले की आरपार जातात, वाटेतल्या चांगल्या जागेलाही थोडा थोडा प्रसाद देत. प्रोटॉनचं तसं नाही. तो आपल्या चाकरमान्यासारखा. चाकरमानी मुंबईहून निघाला की वाटेत पनवेलला नाही, महाडला नाही, कुठेच हात सैल सोडत नाही. घरच्या उंबऱ्यावर पोचला की पिशवी उलटी करतो, आणि तिथून पुढच्या गावाला काही जात नाही. तसा हा कण शेवटच्या मुक्कामाला, म्हणजे गाठीत, सगळा जोर रिकामा करतो आणि तिथेच थांबतो. (हा दृष्टान्त माझा. अक्षयाने ऐकला, थोडा विचार केला आणि ‘चालेल’ म्हणाली. तिच्याकडून ‘चालेल’ मिळणं म्हणजे काय ते तिला भूमिती शिकवलेल्या बाईंना विचारा.)

आता किरण किती सोडायचे याचं माप डॉक्टर ठरवतात. पण ठरवलेलं आणि सुटलेलं सारखंच आहे ना, हे कुणी पाहायचं? ते आपली अक्षया पाहते. त्यासाठी जे उपकरण वापरतात त्यात वायू असतो, आणि तुमचा तो ‘गॅस’ म्हणजे एवढाच. एक छोटीशी डबी, दातकोरण्यांची असते तेवढी. आत दोन पत्रे, मधे वायू. काही डब्यांत निवडक वायू भरतात, पण रोज सकाळी खात्री करायची जी डबी असते तिच्यात तुमच्याआमच्या नाकात जाते तीच हवा. किरण त्या हवेतून गेले की तिच्या कणांतले इलेक्ट्रॉन सुटतात, शब्दाचा प्रत्यय सुटावा तसे. ते सुटलेले गोळा करून मोजले की किरण किती आले ते कळतं. यातली एक डबी तिने आणि तिच्या सोबत्यांनी स्वतः बनवलेली आहे. विकतचीही असते, पण हिची नवी आहे, जास्त बारीक मोजते, आणि गेले काही महिने दोन्ही शेजारीशेजारी ठेवून ती आपल्या डबीची परीक्षा घेते आहे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण माझं नाक तिथेच कापलं गेलं. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत कण कमी, म्हणून सुटणारेही कमी. त्यामुळे रोज खोलीचं तापमान घेऊन हिशेबात तेवढी दुरुस्ती करावी लागते. डबीपासून लांब, कोपऱ्यातल्या टेबलावर एक तापमापक असतो आणि त्याचा आकडा आपोआप बाहेरच्या संगणकात जातो.

तर ज्या दिवशी मी गेलो त्या दिवशी पहाटे मथुरेने अक्षयाच्या क्वार्टरवर घावणे केले. (मथुराही आली होती, तिला रेल्वेत खिडकी मिळाली नाही, पण तिच्या रागाचं ते कारण नव्हे.) तव्यावरून उतरलेले घावणे तिने थेट स्टीलच्या डब्यात भरले, डबा टॉवेलात गुंडाळला आणि मला बजावलं की पोरगी सकाळपासून उपाशी राबते, तिच्या हातात द्या आणि खाल्लेलं पाहूनच परत या. इस्पितळ चालू व्हायच्या आधी अक्षयाने मला ती किरणांची खोली दाखवली. दादा, आपल्या देवळाच्या सभामंडपाएवढं चाक आहे हो! ते रोग्याभोवती फिरतं. मी भारावून वर पाहत होतो, हातात डबा चटके देत होता, आणि अशा पवित्र ठिकाणी खाली जमिनीवर अन्न कसं ठेवायचं, म्हणून कोपऱ्यात एक टेबल दिसलं त्यावर, एका छोट्याशा पांढऱ्या खोक्याला टेकवून, ठेवला. मग कुणीतरी म्हणालं, चला, आता बाहेर. मी हात जोडून बाहेर आलो. डबा आत राहिला. ते टेबल कुठलं आणि तो पांढरा खोका कसला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

बाहेर रोग्यांच्या बाकावर बसलो. शेजारी यमुनाबाई म्हणून संगमेश्वराकडच्या एक बाई होत्या. आवाज ऐकूनच मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. शेती आहे, मुलगा मुंबईत असतो. त्यांच्या नाकामागे, कवटीच्या तळाशी गाठ होती, तिथे सुरी घालणं धोक्याचं, म्हणून हे किरण. बरेच दिवस रोज येत होत्या, आता संपत आलं होतं. मी भीत भीत विचारलं की फार त्रास होतो का. तर म्हणाल्या, “काय नाय ओ मास्तर. त्वांडावर जाली घालतात नि पडून ऱ्हायचा. दुखत नाय, भाजत नाय. नाकाला खाज सुटली तर हात लावता येत नाय, त्योच काय तो तरास.” नंतर थकवा येतो, कानाजवळचे केस थोडे गेले, तोंडाची चव गेली ती अजून पुरती आली नाही, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. पहिल्या दिवशी मात्र त्या इतक्या भ्यायल्या होत्या की मुलाचा शर्ट हातातून सुटता सुटेना.

आणि तेवढ्यात आतून निरोप आला की आज उशीर होईल.

उशीर का, तर माप जुळेना. रोजच्यापेक्षा तीन टक्के जास्त येत होतं. मला वाटलं तीन टक्के म्हणजे काय मोठंसं. मी तीन गुणांनी नापास झालेली पोरं पुढच्या वर्गात ढकललेली आहेत. तिथे ते चालत नाही. तीन टक्के हा नियमाचा अगदी काठ. तिचे वरिष्ठ गौरव सर म्हणून आहेत, माणूस भला आहे, पण बाहेर एवढी माणसं खोळंबलेली. संगणकाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, “अक्षया, काठावर आहे, बाहेर नाही. यंत्राचं माप तेवढं खाली घेऊ आणि सुरू करू.” आणि आपली अक्षया, जी लहानपणी तुमच्या दुकानात गोळी मागायलासुद्धा शमिकाला पुढे करायची, ती म्हणाली, “नाही सर. काल बरोबर होतं, आज नाही. का, ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही.”

मी बाकावर ताठ बसलो. यमुनाबाईंना म्हटलं, ती माझी मुलगी. त्या म्हणाल्या, “तिच्यामुलं खोलंबलाव व्हय आमी?” अभिमान जरा आवरता घेतला.

नंतर जे झालं ते मला तिच्याकडून कळलं. तिने पहिला संशय कुणावर घ्यावा? स्वतःच्या डबीवर. आपण बनवलेली वस्तू चुकत असेल, म्हणून ती बाजूला करून विकतची लावली. तीच बोंब. म्हणजे आपली डबी निर्दोष. मग तारा बदलल्या, मोजणारं यंत्र बदललं. तेच. गौरव सर येरझारा घालत होते. शेवटी तिचं लक्ष संगणकावरच्या तापमानाकडे गेलं, आणि तिथे मे महिन्यात भरदुपारी चिपळूणच्या स्टँडवर असतं तेवढं तापमान दिसत होतं! एरवी तो आकडा हलतच नाही, म्हणून कुणी पाहतच नाही. ती तर त्या गार खोलीतून आताच आली होती, अंगावर काटा होता. हिशेब बिचारा आकड्यावर विश्वास ठेवून म्हणत होता की हवा तापून विरळ झाली आहे, तर उत्तर थोडं वाढवून सांगू या. किरण रोजच्याइतकेच होते. माप फुगलं होतं. सरांचं ऐकून तिने यंत्र तेवढं खाली आणलं असतं, तर त्या दिवशी सगळ्यांच्या गाठींना औषध कमी पडलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं.

मग किरणांच्या खोलीचं जाड दार उघडलं आणि अक्षया बाहेर आली. दोन्ही हातांत आपला हिरवा टॉवेल, टॉवेलात डबा. सगळा बाक बघतो आहे. “हे कुणाचं आहे?” असं विचारायची तिला गरज नव्हती, टॉवेलाच्या कडेला मथुरेने माझं नाव विणलेलं आहे. (शाळेच्या सहलीत हरवू नये म्हणून. रागाचं कारण आता तुम्हांला कळलं असेल: एवढ्या लोकांत तिचे घावणे बदनाम झाले.) मी उठून उभा राहिलो. वर्गात पोरं उभी राहायची तसा. वाटलं, आता ही काहीतरी सारवासारव करील, वडील आहेत, म्हातारे आहेत, यंत्र जरा गरम झालं होतं म्हणेल. तिने तसं काही केलं नाही. सगळ्यांकडे वळून शांतपणे म्हणाली, “उशीर माझ्या वडिलांच्या डब्यामुळे झाला, आणि मी त्यांना आत नेलं म्हणून झाला. किरणांत काही बिघाड नव्हता. डबा काढला, तापमापक निवू दिला, पुन्हा मोजलं, बरोबर आलं. आता एकेकानं चला.”

 मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. (ती फरशी पॉलिश केलेली होती, तिच्याकडून अपेक्षा नव्हती.) आणि मग यमुनाबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बापालाबी सोडत नाय ही पोरगी. मंग माप बरोबरच आसनार!” आणि आत निघून गेल्या. त्यावर गौरव सरांनाच आधी हसू फुटलं, मग सगळ्यांना. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मास्तर, आजपर्यंत बरेच दोष शोधले, पण तीन टक्के घावणे पहिल्यांदाच सापडले.” यमुनाबाई थोड्या वेळाने परत आल्या, गालावर जाळीचे वण, आणि म्हणाल्या, बघू तरी कसले ते. बसून दोन खाल्ले. चव कळत नाही, पण मऊ आहेत म्हणाल्या. अक्षयाने उभ्याउभ्या एक खाल्ला आणि पुढच्या रोग्याकडे गेली. त्या दिवसापासून त्या खोलीच्या दारावर ‘खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत’ अशी पाटी लागली आहे. शुद्धलेखन मी तपासलं. निर्दोष आहे.

दादा, मी हजारो पोरांना शिकवलं. कुणी इंजिनिअर झाले, कुणी दुबईला गेले, एक आमदारांचा माणूस झाला. सगळ्यांचा मला आनंद आहे. पण त्या दिवशी बाकासमोर अपमान झाल्यावर जेवढा फुगलो, तेवढा कुठल्याच सत्कारात फुगलो नव्हतो. परत आल्यावर केरूला हे सगळं साद्यंत सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, “म्हणजे सिलिंडर नायच.”

असो. फार लिहिलं. वहिनींचा घसा बसला असेल, त्यांना पाणी द्या. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि मधल्यांनी आपापलं ठरवून घ्यावं.

आपला आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत) धाकटा भाऊ,
आत्माराम

ता. क. — मथुरेचा बिडाचा तवा गणपतीपासून तुमच्याकडे आहे. तो वहिनींनी खुशाल ठेवून घ्यावा. तूर्त आमच्याकडे घावणे बंद आहेत.

आणखी ता. क. — वहिनी, हे सावकाश वाचा, आणि ते उठायला लागले तर दाराशी बसा. दादा, ‘सायनस आहे’ असं तुम्ही मला सांगितलंत. सायनस नाही. डोळ्यामागे गाठ आहे, मुंबईच्या डॉक्टरांनी हेच किरण सांगितले आहेत, आणि तुम्ही ते कागद घडी करून देव्हाऱ्याखाली सारलेत. शमिका परवा फोनवर अक्षयाशी बोलताना रडली. तिला रागावू नका, मी तुम्हांला रागावलो नाही तसं. तुम्ही तिला म्हणालात ना, की किरण डोळ्यापलीकडे गेले तर, माप चुकलं तर, कोण बघणार? म्हणूनच हे सगळं पुराण लिहिलं. मी सांगायला गेलो असतो तर गिऱ्हाईक आलं असतं. इलाज होईलच असं कुणी लिहून देत नाही, अक्षयाही नाही. पण तुमच्या गाठीच्या जातीला हा चांगला लागू पडतो असं तिथले डॉक्टर म्हणतात. मी तिला म्हटलं, काकांचं जरा बघून कर हो. तर म्हणाली, “बाबा, सगळ्यांचंच बघून करते.” दादा, मला भीती वाटते आहे. तुम्हांला वाटत असेल त्याहून थोडी जास्तच. पण ती घरी बसून वाटण्यापेक्षा तिथल्या बाकावर शेजारी बसून वाटलेली बरी.

शेवटचा ता. क. — गुरुवारी तपासणीची वेळ मिळाली आहे. बुधवारच्या सकाळच्या गाडीने मी सावर्ड्याहून बसतो. खेडला उतरणार नाही. गाडी तिथे जेमतेम थांबते, आणि तेवढ्यात तुमच्याशी वाद घालून जिंकणं मला उभ्या जन्मात जमलेलं नाही. मी दारात उभा असेन, हात बाहेर काढून. तुम्ही फक्त तो धरा. बॅगेचा विचार करू नका. वहिनींनी ती कालच भरून कॉटखाली ठेवली आहे.